कुत्र्यासाठी छिछडे आणता ना? मग हे वाचाच

रविवारी सकाळी लालबाग असो, भांडुप असो नाहीतर माहीम, चिकनच्या दुकानासमोर लाईन असते आणि त्या लाईनीत दोन-तीन जण असे असतातच ज्यांना स्वतःसाठी काही नको असतं, ते फक्त "कुत्र्यासाठी दे ना थोडं" म्हणतात आणि दुकानदार बाजूच्या टबातून हाताला येईल ते काळ्या पिशवीत भरून देतो, कधी फुकट, कधी नावापुरते पैसे घेऊन. त्या पिशवीत काय काय असतं बघा: बोनलेस काढल्यावर उरलेला सांगाडा, माना, साल, पाय, एखादी कलेजी, पेटा (कोंबडीच्या पोटाचा घट्ट स्नायू), चरबीचे गोळे, आणि दुकानदार घाईत असेल तर आतडीसुद्धा. मटणवाल्याकडून आणलं तर छिछडे, म्हणजे मांसाचे चिवट टाकाऊ तुकडे, वजडीचे तुकडे, फुफ्फुसं, गळ्याची नळी, हाडं. घरी आणून आपण ते सगळं हळद घालून उकळतो, भातात कालवतो, कुत्रा ताट चाटूनपुसून साफ करतो आणि आपल्याला वाटतं की झालं काम, पाकिटातल्या गोळ्यांपेक्षा हे कधीही चांगलं.

चांगलं होऊ शकतं, मी स्वतः आमच्या बंड्याला घरचंच घालतो त्यामुळे मी काही पाकिटवाल्यांची बाजू घेणार नाही. पण कुत्रा आवडीने खातो ही काही जेवण बरोबर असल्याची खूण नाही, तो कचऱ्याचा डबासुद्धा तितक्याच आवडीने खातो.

मूळ भानगड समजून घेऊया. ताडोबातले रानकुत्रे चितळ मारतात तेव्हा त्यातलं मांस खातात, हृदय, यकृत खातात, मऊ हाडं चावून खातात, म्हणजे बऱ्यापैकी पूर्ण जनावर पोटात जातं. खाटीक मात्र जनावराचे भाग वेगळे करतो, त्यातलं चांगलं मांस आपल्याकडे येतं, हाडं सूपवाल्याकडे जातात, कलेजी-पेट्याचं गिऱ्हाईक वेगळं असतं, आणि ह्यातून जे कोणालाच नको ते कुत्र्याच्या पिशवीत. म्हणजे ती पिशवी हे छोटं जनावर नसतं, ती जनावराची उरलेली बेरीज असते आणि ती रोज बदलते, आज नुसती साल आणि चरबी, उद्या नुसत्या माना, परवा अर्धा किलो कलेजी कारण कलेजी खपली नाही. जे कमी पडलंय ते आपल्याला परत घालावं लागतं आणि जे जास्त झालंय ते काढावं लागतं, घरच्या जेवणाचं सगळं शास्त्र एवढ्यावरच उभं आहे.

सगळ्यात मोठा खड्डा: कॅल्शियम

ह्याबद्दल जरा सविस्तर लिहितो कारण चांगल्या घरचे, लाडावलेले कुत्रे ह्याच्यामुळेच आजारी पडतात. मांसात फॉस्फरस भरपूर असतो आणि कॅल्शियम जवळजवळ नसतंच, फॉस्फरस हा कॅल्शियमच्या १५ ते २० पट असतो. कुत्र्याला हवं असतं उलटं, म्हणजे कॅल्शियम निदान फॉस्फरसइतकं तरी, शक्यतो थोडं जास्तच. आता रक्तातलं कॅल्शियम ठराविक पातळीच्या खाली गेलेलं शरीराला चालत नाही, कारण हृदय आणि स्नायू त्यावर चालतात, मग गळ्यातल्या चार बारीक पॅराथायरॉइड ग्रंथी हॉर्मोन सोडतात आणि ते हॉर्मोन हाडांतून कॅल्शियम ओढून रक्तात आणतं. हे असं महिनोन् महिने चालतं. रक्ताची टेस्ट केली तर कॅल्शियम नॉर्मल दिसू शकतं आणि आतून हाडं पोकळ होत असतात. पिल्लू असेल तर सोफ्यावरून उडी मारली आणि पाय मोडला असं होतं, मोठ्या कुत्र्याला वेळ लागतो पण जबडा मऊ पडणं, दात हलणं, लंगडणं हे सगळं ह्यातूनच येतं.

आकडा घेऊ म्हणजे कळेल. १५ किलोचा मोठा झालेला, नसबंदी केलेला इंडी, म्हणजे आपला देशी कुत्रा धरा, त्याला दिवसाला साधारण ८५० किलोकॅलरी लागतात आणि साधारण एक ग्रॅमच्या थोडं वर कॅल्शियम लागतं. ३०० ग्रॅम शिजवलेल्या बिनहाडाच्या चिकनमधून मिळतं किती, तर ४०-५० मिलिग्रॅम. म्हणजे रुपया हवाय आणि हातात पाच पैसे.

इथे आपल्याकडे तीन ठरलेली उत्तरं येतात. पहिलं, "आम्ही हाडांचं सूप देतो ना, सगळं कॅल्शियम त्यात उतरतं." नाही उतरत. पायाचं सूप कितीही उकळा, थंड झाल्यावर ते जेलीसारखं थरथरतं ते जिलेटिनमुळे, कॅल्शियमचा त्याच्याशी संबंध नाही, हाडातलं कॅल्शियम हाडातच बसून राहतं आणि सूपात अगदी थोडं येतं. दुसरं, "दूध घालतो." १०० मिलिलिटर दुधात साधारण १२० मिलिग्रॅम कॅल्शियम, म्हणजे एक ग्रॅमसाठी आठशे मिलिलिटरच्या वर दूध पाजावं लागेल, आणि बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना दुधातली साखर पचत नाही, त्यामुळे मग रात्री दोन वाजता लिफ्टने खाली पळायची तयारी ठेवा. तिसरं उत्तर आमच्या आईचं, नाचणी. नाचणी खरंच धान्यांमध्ये कॅल्शियमची राणी आहे, १०० ग्रॅमला साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम, पण एक ग्रॅम गाठायला ३०० ग्रॅम पीठ घालावं लागेल आणि तेवढ्या पिठाच्या कॅलरीच कुत्र्याच्या दिवसभराच्या गरजेपेक्षा जास्त होतात, वर त्यातलं सगळं कॅल्शियम शरीरात शोषलंही जात नाही. नाचणी घाला, चांगली आहे, पण कॅल्शियमच्या भरवशावर नको.

मग उपाय काय? तो आपण रोज केराच्या डब्यात टाकतो, अंड्याचं टरफल. ते जवळपास सगळं कॅल्शियम कार्बोनेट असतं, एका टरफलाचं वजन ५-६ ग्रॅम आणि त्यात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम. म्हणजे वरच्या आपल्या १५ किलोवाल्याला दिवसाला अर्ध्या टरफलाची पूड पुरते, सपाट अर्धा चहाचा चमचा. टरफलं धुवायची, दहा मिनिटं उकळायची, उन्हात खडखडीत वाळवायची आणि मिक्सरच्या छोट्या भांड्यात अगदी पिठासारखी दळायची, रवाळ राहिली तर नीट शोषली जात नाही आणि बोटाला टोचतात ती वेगळीच. चाळून बरणीत भरून ठेवा, महिनाभराची होते.

पण हे मोठ्या कुत्र्याचं झालं. पिल्लांचं गणित वेगळं असतं, त्यांना कॅल्शियमबरोबर फॉस्फरसही जास्त लागतो आणि लॅब, जर्मन शेफर्डसारख्या मोठ्या जातीच्या पिल्लाला कॅल्शियम जास्त झालं तरी हाडं वाकडी वाढतात. वर्षाच्या आतल्या पिल्लाला अंदाजाने घरचं घालू नका, तिथे मी हात वर करतो आणि डॉक्टरकडे जा सांगतो.

पिशवीतलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं

पेटा आणि दिल हे सगळ्यात भारी, दोन्ही स्नायूच आहेत, चरबी कमी, दिलात टॉरिन नावाचं अमिनो आम्ल चांगलं असतं जे हृदयाला उपयोगी. मुंबईत पेट्याला माणसांचंच गिऱ्हाईक असतं त्यामुळे फुकट मिळत नाही पण चिकनपेक्षा बऱ्याचदा स्वस्त पडतो, मी तर म्हणतो पिशवीतलं निम्मं मांस हे विकत घेतलेलं पेटा-दिल ठेवा आणि बाकीचं सांगाड्यावरचं. सांगाड्यावर मांस दिसत नाही पण उकडल्यावर पाठीच्या बाजूने आणि मानेवरून चांगलं निघतं, बोटांनी सोलायला बसावं लागतं एवढंच.

कलेजी. कुत्र्याचा जीव की प्राण, आणि म्हणूनच लोक वाहवत जातात. यकृतात व्हिटॅमिन ए प्रचंड साठलेलं असतं आणि हे व्हिटॅमिन शरीरात साचतं, आणि जास्त झालं की हाडांवर-सांध्यांवर परिणाम होतो, कुत्रा मान वळवायला कुरकुरतो. बकऱ्याच्या आणि म्हशीच्या कलेजीत तांबंही भरपूर असतं, कोंबडीच्या कलेजीत त्या मानाने कमी. तर हिशोब असा ठेवा की एकूण जेवणाच्या पाच टक्क्यांच्या आत, म्हणजे आपल्या १५ किलोवाल्याला दिवसाला कोंबडीच्या अर्ध्या कलेजीएवढी. पूर्ण बंद करू नका हां, कारण ए, बी-१२, फोलेट, लोह हे सगळं एवढ्या स्वस्तात दुसरीकडे मिळणार नाही.

साल आणि चरबी काढून टाका. कुत्र्याला चरबी लागते, पण पिशवीतून येते ती ढीगभर येते आणि एकदम ढीगभर चरबी खाल्ली की स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, कुत्रा उलट्या करतो, पोट दुखतं म्हणून पाठ कमानीसारखी करून उभा राहतो, सलाईनवर ठेवायची वेळ येते, काही कुत्रे जातातही. गटारीच्या दुसऱ्या दिवशी आणि बकरी ईदच्या आठवड्यात असा माल भरपूर आणि फुकट मिळतो, तेव्हा हात आवरा.

कोंबडीचे पाय घातले तर चालतील, नखं कापून, शिजवून आणि हाडं काढून, पण पाय आणि साल-कुर्च्या (लवचीक मऊ हाडं) म्हणजे मांस नव्हे. कागदावर त्यात प्रोटीन खूप दिसतं पण ते मुख्यतः कोलॅजन, आणि कोलॅजनमध्ये ट्रिप्टोफॅन नावाचं एक आवश्यक अमिनो आम्ल नसतंच. त्यामुळे नुसत्या पायांवर वाढवलेला कुत्रा पोटभर जेवूनसुद्धा प्रोटीनला कमी पडतो.

मटणाच्या दुकानातली वजडी चांगली, स्वच्छ धुतलेली असेल तर, वासाची तयारी ठेवा. फुफ्फुसं हलकी, चरबी नसलेली, शिजवल्यावर सुकवून ट्रीट म्हणूनही चालतात. तिल्ली (प्लीहा) थोडीच, जास्त झाली की काळे पातळ जुलाब. कोंबडीची आतडी आणूच नका, त्यात विष्ठा असते आणि ती धुवत बसण्यात अर्थ नाही. डुकराचं काही आणत असाल, वांद्र्याला वसईला मिळतं, तर ते कच्चं चुकूनही नाही.

आणि गळ्याची नळी. हे बहुतेकांना माहीत नसतं. जनावराच्या श्वासनळीला चिकटून थायरॉइड ग्रंथी असते, नळी तशीच उचलून कुत्र्याला घातली की त्या ग्रंथीतलं हॉर्मोनही त्याच्या पोटात जातं आणि गंमत म्हणजे हे हॉर्मोन शिजवून मरत नाही. अमेरिकेत मिनेसोटा आणि आसपासच्या भागात १९८४-८५ मध्ये माणसांनाच हा त्रास झाला होता, गाईच्या गळ्याजवळचं मांस खिम्यात गेलं आणि लोकांना धडधड, घाम, झोप उडणं, वजन उतरणं सुरू झालं. असा गळ्याचा माल रोज खाणाऱ्या कुत्र्यांच्या रक्तातही थायरॉइड वाढलेला सापडलाय. तुमचा कुत्रा भरपूर खाऊन रोडावत असेल आणि सारखा पाणी पीत असेल तर आधी पिशवीत नळ्या किती येतात ते बघा. नळीभोवतीचा मांसल भाग कापून टाकला तर नुसती कुर्ची राहते, पण खरं सांगू, मी ती घेतच नाही.

कच्चं की शिजवलेलं

इन्स्टावर कच्च्या मांसाचे बाऊल दाखवणारे भरपूर आहेत, सुंदर दिसतात, वर ब्लूबेरी वगैरे. त्यांच्याकडचं मांस कुठून येतं मला माहीत नाही पण आपण बोलतोय ते उघड्या टबात पडलेल्या, माशा बसलेल्या मालाबद्दल, मुंबईच्या उकाड्यात. ते कच्चं द्यायचं नाही. विषय संपला असं म्हणून सोडून दिलं असतं पण कारणं भारी आहेत म्हणून सांगतो.

सगळ्यात महत्त्वाचं कारण माणसाचं आहे. एकिनोकॉकस नावाचा एक बारीक टेपवर्म, म्हणजे पट्टीसारखा जंत आहे, काही मिलिमीटरचा. शेळी, मेंढी, म्हैस ह्यांच्या यकृतात आणि फुफ्फुसात त्याच्या पाण्याने भरलेल्या गाठी होतात. तो गाठीचा अवयव कुत्र्याने कच्चा खाल्ला की साधारण दीड महिन्यात कुत्र्याच्या आतड्यात वाढलेले किडे अंडी टाकायला लागतात. कुत्र्याला काहीही होत नाही, मस्त असतो, शेपटी हलवतो. ती अंडी त्याच्या विष्ठेतून बाहेर पडतात, केसांना लागतात, आपण हात फिरवतो, तोच हात तोंडाला, किंवा बाळ जमिनीवर रांगतं. आणि मग माणसाच्या यकृतात, फुफ्फुसात तीच गाठ, हायडॅटिड सिस्ट, जी वर्षानुवर्षं हळूहळू वाढत राहते आणि शेवटी ऑपरेशनपर्यंत जाते. कुत्रा ह्या चक्रात अडकतो तो फक्त कच्च्या अवयवांमुळे. नीट उकळलं की चक्र तुटलं. शिवाय जंताचं औषध वेळेवर द्या आणि त्यात प्राझिक्वांटेल आहे ना ते डॉक्टरांना विचारा, कारण प्रत्येक जंताच्या औषधाने टेपवर्म मरतो असं नाही. आणि कलेजीत किंवा फुफ्फुसात पाण्याच्या फुग्यासारखी गाठ दिसली तर तो तुकडा शिजवायलाही घेऊ नका, पिशवीत घट्ट बांधून असा टाका की खालच्या कुत्र्याला, मांजराला मिळणार नाही.

कोंबडीचं वेगळं. साल्मोनेला सगळ्यांना माहीत आहे. कॅम्पिलोबॅक्टर कमी लोकांना माहीत असतो, मेलबर्न युनिव्हर्सिटीच्या २०१८ च्या अभ्यासात कच्चं चिकन खाणाऱ्या कुत्र्यांमध्ये एका लकव्यासारख्या आजाराचा धोका फार मोठा दिसला, मागचे पाय आधी जातात, मग पुढचे, आणि त्यामागे हाच जंतू असल्याचा त्यांचा निष्कर्ष होता. आणि आपल्या जवळचं सांगायचं तर २०२४ च्या शेवटी नागपूरच्या गोरेवाडा रेस्क्यू सेंटरमध्ये तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने मेले, खाण्यातल्या कोंबडीवरच संशय होता. वाघाला नाही पचलं तर आपल्या बंड्याचं काय घेऊन बसलात.

कुकरमध्ये हे सगळे जंतू मरतात, कुकरच्या आत साधारण १२० डिग्री तापमान होतं. उघड्या पातेल्यात करत असाल तर उकळी आल्यावर निदान अर्धा-पाऊण तास.

हाडांचं राहिलं. शिजवलेली हाडं ठिसूळ होतात, चावली की सुईसारख्या कपच्या होतात आणि घसा, आतडं फाडू शकतात, त्यामुळे शिजवलेली हाडं नाहीत म्हणजे नाहीत. काही लोक कोंबडीचा सांगाडा कुकरला तास-दीड तास ठेवतात, इतका की हाड चिमटीत दाबलं की पिठूळ होतं, आणि मग सगळं घुसळून घालतात. ते होतं, मी पाहिलंय, कॅल्शियमचाही प्रश्न त्यातून बराच सुटतो, पण प्रत्येक हाड दाबून बघायला लागतं आणि मांडीचं हाड दगा देतं, शिवाय हाडाची पूड जास्त झाली तर बद्धकोष्ठ होऊन कुत्रा कुंथत बसतो. मटणाचं हाड तर असं कधीच होत नाही. मला टरफलाची पूड हजारपटीने सोपी वाटते. मांस सोलून घ्या, हाडं टाका.

करायचं कसं

आपला तोच १५ किलोचा कुत्रा, दिवसभराचं जेवण, दोन वेळांत विभागून. शिजवून सोललेलं बिनहाडाचं, बिनसालीचं मांस ३०० ग्रॅम, ह्यातच पेटा, दिल, वजडी आणि ती अर्धी कलेजी आली. शिजलेला भात २०० ग्रॅम, म्हणजे आमटीच्या वाटीने दीडएक वाटी. लाल भोपळा, दुधी, गाजर, फरसबी ह्यातलं काहीही ७०-८० ग्रॅम, मऊ शिजवून कुस्करलेलं. अर्धा चमचा टरफलाची पूड, ती नेहमी शेवटी, जेवण वाढताना. "भात कशाला, कुत्रा तर मांसाहारी" असं कोणी म्हटलं तर त्याला सांगा की कुत्रा माणसाबरोबर हजारो वर्षं राहून लांडग्यापेक्षा कितीतरी चांगला स्टार्च पचवायला शिकलाय, हे त्याच्या जीन्समध्येच दिसतं.

मांस कुकरला लावताना पाणी जास्त घाला, चार-पाच शिट्ट्या, मग पाणी गाळून वेगळं. ते पाणी फ्रीजमध्ये ठेवा, दोन-तीन तासांनी वर चरबीचा पांढरा थर जमतो तो चमच्याने उचलून टाका आणि खालच्या पाण्यात भात शिजवा, वास असा येतो की बंड्या गॅसखाली झोपतो. हळद चालते. मीठ वेगळं लागत नाही. कांदा आणि लसूण मात्र अजिबात नाही, कच्चा नाही, तळलेला नाही, पावडर नाही, कारण त्यातल्या गंधकाच्या संयुगांमुळे कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात आणि रक्त कमी होतं, ते लगेच दिसत नाही, चार-पाच दिवसांनी हिरड्या पांढऱ्या दिसतात तेव्हा कळतं. म्हणजे आपल्या घरातला मटणाचा रस्सा, सुक्क्याचा मसाला, वाटण, सगळं बाद. द्राक्षं-मनुका किडनी घालवतात, आणि त्याला टार्टारिक आम्ल जबाबदार धरलं जातं, जे चिंचेतही भरपूर असतं, म्हणून चिंचेची आमटीसुद्धा त्याच्या भातावर नको.

मासे खाणारं घर असेल तर आठवड्यातून दोनदा चिकनच्या जागी तारली किंवा बांगडा, उकडून, काटे काढून. ओमेगा-३ मिळतं जे कोंबडीच्या मांसात जवळजवळ नाही. कच्चा मासा नको, काही जातींत बी-१ व्हिटॅमिन नष्ट करणारं एन्झाइम असतं, शिजवलं की ते मरतं. सुकट, जवळा, सुके बोंबील नको, मीठ फार.

एवढं करून जेवण पूर्ण झालं का, तर नाही, आणि हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या युनिव्हर्सिटीने २०१३ मध्ये पुस्तकांतल्या आणि वेबसाइटवरच्या २०० घरगुती रेसिपी तपासल्या, त्यातल्या ९५ टक्के रेसिपींमध्ये निदान एक तरी आवश्यक घटक कमी पडत होता आणि त्यातल्या कित्येक रेसिपी चक्क पशुवैद्यांनी लिहिलेल्या होत्या. वर दिलेल्या जेवणातही झिंक, व्हिटॅमिन ई, व्हिटॅमिन डी, आयोडीन, मँगनीज कमीच पडणार. आयोडीनयुक्त मीठ घालून आयोडीन भागवू म्हणाल तर एका ग्रॅम मिठातून १५-२० मायक्रोग्रॅम मिळतं आणि गरज त्याच्या दहापट, तेवढं मीठ घालता येत नाही. त्यामुळे घरच्या जेवणात मिसळायची कुत्र्यांची व्हिटॅमिन-मिनरल पावडर मिळते ती डॉक्टरांना विचारून, वजनानुसार घाला. त्या पावडरीत कॅल्शियम आधीच असेल तर टरफलाची पूड कमी किंवा बंद, लेबल वाचा.

माणसांच्या गोळ्या घालू नका. आपल्याकडे घरोघरी आठवड्याला एक घ्यायची व्हिटॅमिन डीची ६०,००० युनिटची पुडी असते, ती एक पुडी १५ किलोच्या कुत्र्याला म्हणजे किलोला ४००० युनिट, इथे विषबाधेची लक्षणं दिसायला लागतात, किडनीवर येतं. पुडी खाली पडून कुत्र्याने फाडून खाल्ली तरी लगेच डॉक्टरकडे पळा.

बाकीच्या गोष्टी, पटापट

एकदम सुरुवात नको, आधीच्या खाण्यात थोडं थोडं मिसळत आठ-दहा दिवसांत पूर्ण बदला. शिजवलेलं मोठ्या पातेल्यात गॅसवर तसंच झाकून ठेवायची सवय सोडा, मधला भाग तासन् तास कोमट राहतो आणि उकळून न मरणारे काही जंतू तिथेच परत वाढतात, ताटात पसरून गार करा आणि फ्रीजला टाका. फ्रीजमध्ये तीन दिवस, त्याच्यापुढचं डब्यांत भरून फ्रीझरला, एक डबा एक दिवस. आमच्याकडे श्रावणात घरात मटण-मच्छी बंद असते पण बंड्याचा कुकर वेगळा आणि तो गॅलरीतल्या जुन्या शेगडीवर, ही तडजोड आईनेच काढली, त्यामुळे श्रावण लागायच्या आधीच फ्रीझर भरून ठेवतो. शेजारी शाकाहारी असतील तर वजडी तेवढी करू नका, सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय येतो.

दुकानदाराशी ओळख करून घ्या. "कुत्ते का दे दो" म्हटलं की टबातलं मिळतं, "साल नको, आतडी नको, नळी नको, सांगाडे चार आणि पेटा अर्धा किलो, आत्ता कापलेलं" म्हटलं आणि चार पैसे जास्त दिले की नीट माल मिळतो, आणि सकाळी लवकर जा, दुपारी तोच टब उन्हात असतो.

दर दोन आठवड्यांनी वजन करा. बरगड्या हाताला लागायला हव्यात पण लांबून मोजता येऊ नयेत. जाड होत असेल तर भात आणि मांस थोडं थोडं कमी, पावडर तीच. वर्षातून एकदा रक्त तपासा. किडनी, लिव्हर, स्वादुपिंडाचा आजार असलेला कुत्रा, गाभण किंवा पाजणारी कुत्री, ह्यांना हा हिशोब लागू नाही, त्यांच्यासाठी परळचं पशुवैद्यकीय कॉलेज आहे, १८८६ पासूनचं, तिथे किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून डाएट लिहून घ्या.

रस्त्यावरच्या कुत्र्यांना घालणाऱ्यांसाठीही हेच, किंबहुना जास्तच, कारण त्यांना जंताचं औषध कोणी देत नाही आणि त्यांची विष्ठा कोणी उचलत नाही. दुकानामागे कच्ची आतडी आणि फुफ्फुसं फेकतात तिथून तो टेपवर्म सुरू होतो. भात आणि उकडलेलं मांस कालवून, कागदावर, ठरलेल्या जागी आणि ठरलेल्या वेळी, खाऊन झालं की कागद उचलून. आणि आरे कॉलनी, ठाण्याचं येऊर किंवा नॅशनल पार्कच्या भिंतीला लागून राहात असाल तर अंधार पडल्यावर बाहेर काहीच ठेवू नका, तुमच्या भांड्याशी कुत्रे जमतात आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो.